हिवाळी नैराश्य आणि प्रकाशपेटी: चाचण्यांची पार्श्वभूमी

औषधाची चाचणी घ्यायची तर दुसऱ्या गटाला हुबेहूब तशीच, पण बिनऔषधाची गोळी देता येते. प्रकाशाच्या बाबतीत ही सोय नाही. समोरचा दिवा लख्ख आहे की मिणमिणता, हे रुग्णाला दिसतंच, आणि लख्ख दिव्याने बरं वाटेल अशी आशाही त्याच्या मनात असते. हिवाळी नैराश्यावर, म्हणजे दर हिवाळ्यात परतणाऱ्या नैराश्यावर, रुग्णाला प्रखर दिव्यासमोर बसवण्याचा जो प्रकाशोपचार आहे, त्याचं संशोधन चाळीसेक वर्षं याच अडचणीशी झुंजत आलं आहे.

सुरुवात मेलाटोनिनपासून झाली. हे संप्रेरक रात्री मेंदूतल्या पीनियल ग्रंथीतून स्रवतं. प्राण्यांमध्ये ते उजेडाने दबतं, माणसात मात्र तसं होत नाही, असा समज होता. १९८० मध्ये अमेरिकेतल्या बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत आल्फ्रेड लूई आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की माणसातलं मेलाटोनिन दाबणं ५०० लक्सने (लक्स हे उजेड मोजायचं एकक) साधत नाही, ते २,५०० लक्सने साधतं. ऑफिसातला उजेड साधारण ३०० ते ५०० लक्स असतो, म्हणजे आधीचे दिवे कमी पडत होते. त्यानंतरच्या हिवाळ्यात तिथेच एका अभियंत्यावर उपचार झाले. आपल्या मनःस्थितीचे ऋतूनुसार होणारे चढउतार त्याने वर्षानुवर्षं टिपून ठेवले होते. पहाटे तीन तास आणि संध्याकाळी तीन तास प्रखर प्रकाश दिल्यावर काही दिवसांतच त्याला उतार पडला.

१९८४ मध्ये नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी २९ रुग्णांचं वर्णन करून या आजाराला ‘सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर’ हे नाव दिलं. लक्षणं नेहमीच्या नैराश्याच्या उलटी: झोप वाढते, गोड आणि पिठूळ खावंसं वाटतं, वजन चढतं. मुंबईत वर्षातला सर्वांत लहान दिवससुद्धा सुमारे ११ तासांचा असतो, लंडनमध्ये तो ८ तासही भरत नाही. त्यामुळे इथून तिकडे गेलेल्या माणसाला पहिल्याच डिसेंबरात आपल्याला काय होतंय ते उमगत नाही.

त्याच अभ्यासात ११ जणांवर प्रकाशाची चाचणी झाली आणि २,५०० लक्सचा पांढरा प्रकाश मंद पिवळ्या प्रकाशापेक्षा सरस ठरला. पण मंद पिवळा दिवा पाहून ‘हाच माझा उपचार’ असं कोणाला वाटेल? ही तुलना लंगडी होती. शिवाय हिवाळ्याचा दिवस दोन्ही टोकांनी लांबवायचा, ही त्यामागची कल्पनाही टिकली नाही. १९८६ मध्ये थॉमस वेअर यांच्या अभ्यासात दिसलं की दिवस न लांबवताही गुण येतो. मेलाटोनिन दाबणारं अ‍ॅटेनोलॉल हे औषध देऊन पाहिलं, तर नैराश्य एकूणात हटलं नाही. प्रकाश त्वचेवर पाडण्यापेक्षा डोळ्यांत गेला तर उपयोग जास्त, हे १९८७ मध्ये स्पष्ट झालं. उपचार चालत होता, पण का चालतो याची स्पष्टीकरणं एकेक करून गळत होती.

दरम्यान मात्रा बदलली. २,५०० लक्सखाली दोन तास बसणं नोकरदाराला जमणारं नव्हतं. न्यूयॉर्कमध्ये मायकेल टर्मन यांच्या गटाने १०,००० लक्स, ३० मिनिटं ही पद्धत रुजवली. हा आकडा डोळ्यांपाशी मोजायचा असतो, आणि घोटाळा इथेच होतो. प्रकाशपेटीवर, म्हणजे घरी समोर ठेवायच्या प्रखर दिव्याच्या पेटीवर, १०,००० छापलेलं असलं, तरी ते किती अंतरावर हे वाचावं लागतं. लहान पेटीला तो आकडा गाठायला चेहरा अगदी जवळ न्यावा लागतो आणि हातभर मागे सरकलं की प्रकाश झपाट्याने उतरतो. पेटीला अतिनील किरण अडवणारा पडदा हवा. उठल्यावर लवकरात लवकर तिच्यासमोर बसायचं, डोळे उघडे ठेवायचे, पण दिव्याकडे टक लावायची नाही. नाश्ता किंवा वाचन चालतं. रात्री उशिरा बसलं तर झोप उडते. डोकं दुखणं, डोळ्यांवर ताण येणं, मळमळणं हे त्रास होऊ शकतात. दृष्टिपटलाचा आजार असेल किंवा बायपोलरचा (नैराश्य आणि उन्माद आलटून पालटून येणाऱ्या आजाराचा) इतिहास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये, कारण बायपोलरमध्ये प्रकाशाने उन्मादाचा झटका येऊ शकतो.

खोट्या उपचाराचं कोडं १९९८ मध्ये बरंचसं सुटलं. शिकागोत शार्मेन ईस्टमन यांनी ९६ रुग्णांना चार आठवडे रोज दीड तास ६,००० लक्सचा प्रकाश दिला, काहींना सकाळी, काहींना संध्याकाळी. तिसऱ्या गटासमोर उपचार म्हणून ऋण आयन (ऋण विद्युतभार असलेले हवेतले कण) सोडणारं यंत्र ठेवलं, पण ते आतून निकामी केलेलं होतं. ऋण आयन डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे हा उपचार खोटा आहे हे रुग्णाला कळायला वाव नव्हता. नैराश्य मोजणाऱ्या चाचणीतल्या सरासरी गुणांत तिन्ही गटांत ठळक फरक पडला नाही. जवळपास पूर्ण बरे झालेल्यांचं प्रमाण मात्र तीन आठवड्यांनंतर सकाळच्या गटात ६१ टक्के, संध्याकाळच्या गटात ५० आणि निकामी यंत्राच्या गटात ३२ टक्के निघालं. आधीच्या कित्येक चाचण्या आठवडा-दोन आठवड्यांत गुंडाळल्या जात होत्या. तेवढ्या मुदतीत हा फरक दिसलाच नसता.

२००६ मध्ये कॅनडात रेमंड लॅम यांनी दुसरी युक्ती केली. प्रत्येकाला पेटीही दिली आणि कॅप्सूलही. एका गटाची पेटी १०,००० लक्सची आणि कॅप्सूल खोटी, दुसऱ्याची पेटी १०० लक्सची आणि कॅप्सूलमध्ये २० मिलिग्रॅम फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध. आठ आठवड्यांनी दोन्हीकडे ६७ टक्के रुग्णांना गुण आला. मात्र पेटी आणि कॅप्सूल दोन्ही खोट्या, असा गट ठेवलेलाच नव्हता. म्हणून दोन्ही उपचार सारखेच उतरले इतकंच यातून म्हणता येतं. त्यांतला किती गुण आशेचा, हे या चाचणीतून काढता येत नाही.

अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये केली रोहन यांनी प्रकाशोपचाराची तुलना बोधात्मक वर्तन उपचाराशी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या संवादोपचाराशी, केली. पहिल्या हिवाळ्यात दोन्ही बरोबरीचे ठरले. दोन हिवाळ्यांनंतर नैराश्य परतलेल्यांचं प्रमाण प्रकाशाच्या गटात सुमारे ४६ टक्के होतं, वर्तन उपचाराच्या गटात सुमारे २७. पेटी दर हिवाळ्यात, रोज सकाळी लावावी लागते, आणि घरी नेलेली पेटी किती जण नेमाने लावतात, याकडे चाचण्यांचं लक्ष त्या मानाने कमीच गेलं आहे.