हुंकार आणि होकार

लहानपणी ठाण्यातल्या आमच्या चाळीत आजी रात्री गोष्ट सांगायची, तेव्हा तिची एकच अट असायची : ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की पोरे झोपली असे समजून तीही थांबायची. त्या ‘हं’चा अर्थ ‘मला पटले’ असा कधीच नव्हता. ‘ऐकतो आहे, पुढे सांग’ एवढाच होता. पुढे ऐरोलीतील एका कार्यालयात नेदरलँड्समधील सहकाऱ्यांबरोबर काम करू लागलो, तेव्हा याच हुंकारामुळे माझ्या हातून एक गंभीर चूक झाली.

उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारचे दीड वाजतात तेव्हा तिकडे सकाळचे दहा वाजलेले असतात. आमची बैठक त्याच वेळी असे. तिकडची सहकारी प्रणालीतील बदलांची यादी वाचत होती आणि मी प्रत्येक मुद्द्यावर ‘येस, येस’ म्हणत होतो. शेवटी तिने विचारले, हे सगळे 20 तारखेपर्यंत होईल ना? मी म्हणालो, ‘येस, वी विल ट्राय.’ मराठी घरात वाढलेल्या माणसाला ‘बघू’ किंवा ‘प्रयत्न करतो’ यातला नकार न सांगता कळतो. तिने मात्र 20 तारीख लिहून घेतली आणि पुढच्या चमूला कळवून टाकली. 20 तारीख आली तेव्हा काम अर्धेही झालेले नव्हते. पुढच्या बैठकीत तिने आवाज न चढवता एवढेच विचारले, ‘होणार नाही हे तुम्हाला ‘येस’ म्हणतानाच माहीत होते का?’ मला माहीत होते, आणि मी तसे कबूल केले.

ऐकणाऱ्याच्या अशा ‘हं’, ‘हो’, ‘बरं’ या उद्गारांना भाषाशास्त्रज्ञ व्हिक्टर इंग्वे यांनी 1970 मध्ये ‘बॅकचॅनल’ असे नाव दिले. बोलण्याचा मुख्य प्रवाह एका दिशेने जात असताना उलट दिशेने येणारे हे बारीक संकेत असतात. जपानी भाषेत त्यांना ‘आइझुची’ म्हणतात, आणि तिथल्या ‘हाय’ या शब्दाचा शब्दकोशातील अर्थ ‘हो’ असला तरी संभाषणात तो पुष्कळदा निव्वळ हुंकार असतो. म्हणजे ही सवय एकट्या आपली नाही, आणि ती खोटेपणाही नाही. एकच शब्द दोन कामे करतो. घरात कोणते काम चालू आहे ते सर्वांना कळते, बाहेरच्याला कळत नाही.

त्यात अधिकाराची भर पडते. डच समाजमानसशास्त्रज्ञ खेर्ट हॉफस्टेड यांनी 1967 ते 1973 या काळात आयबीएमच्या अनेक देशांतील कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्या अभ्यासल्या. वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यातील अंतर लोक कितपत गृहीत धरतात, याच्या त्यांच्या मोजपट्टीवर भारताचा अंक 77 आहे आणि नेदरलँड्सचा 38; अंक जितका मोठा तितके हे अंतर लोक अधिक गृहीत धरतात. मात्र ही समाजाची सरासरी आहे, समोर बसलेल्या माणसाचे मोजमाप नव्हे. ‘डच लोक फटकळच’ किंवा ‘भारतीयांना नाही म्हणता येत नाही’ अशी वाक्ये या आकड्यांच्या आधारे फेकली जातात, ते मला अशास्त्रीय तर वाटतेच, शिवाय सहकाऱ्यावर अन्याय करणारेही वाटते.

शब्दाचा अर्थ दोन्हीकडे वेगळा लागला तर ते जिवावरही बेतू शकते. 25 जानेवारी 1990 रोजी कोलंबियाच्या आव्हियांका कंपनीचे एक बोइंग 707 विमान न्यूयॉर्कजवळ इंधन संपून कोसळले आणि 158 पैकी 73 जण मृत्युमुखी पडले. खराब हवामानामुळे ते तासाहून अधिक काळ आकाशात घिरट्या घालत होते. वैमानिकांनी ‘प्रायॉरिटी’, म्हणजे प्राधान्य, मागितले. ‘इमर्जन्सी’ हा शब्द नियंत्रकापर्यंत पोहोचलाच नाही. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसल्यावर कप्तानाने आणीबाणी कळवायला सांगितले, तेव्हा सहवैमानिकाने दिशेच्या सूचनेला उत्तर देता देता शेवटी ‘आमचे इंधन संपत आले आहे’ एवढे जोडले, आणि कप्तानाला मात्र कळवल्याचे सांगितले. त्याच्या मते त्याने खरोखरच कळवले होते. अमेरिकेच्या चौकशी मंडळाने वैमानिकांची चूक नोंदवली. परंतु इंधनाच्या स्थितीसाठी दोन्ही बाजूंना सारखेच समजतील असे प्रमाणित शब्द नव्हते, हेही अपघाताचे एक कारण म्हणून लिहिले. चौकशीतला हा दुसरा भाग मला फार मोलाचा वाटतो.

आपले म्हणणे समोरच्याला कळले असेल, हा आपला अंदाज किती चुकतो, ते स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी 1990 मध्येच दाखवले. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि ऐकणाऱ्यांनी गाणे ओळखायचे, असा तो प्रयोग होता. निम्मी गाणी ओळखली जातील असे वाजवणाऱ्यांना वाटत होते. प्रत्यक्षात 120 पैकी 3 ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण चाल चालू असते, ऐकणाऱ्याला मात्र नुसती टकटक ऐकू येते. माझ्या ‘ट्राय’मागची चाल तिला कशी ऐकू येणार होती?

विमानवाहतुकीच्या भाषेत हुंकार आणि होकार यांना वेगवेगळे शब्द आहेत. ‘रॉजर’ म्हणजे तुमचा संदेश पूर्ण मिळाला, त्याहून अधिक काही नाही. ‘अफर्म’ म्हणजे हो. ‘विल्को’ म्हणजे समजले आणि तसे करतो. याशिवाय महत्त्वाची परवानगी वैमानिकाने शब्दशः परत म्हणून दाखवायची असते आणि ती बरोबर आहे ना, हे नियंत्रकाने कान देऊन ऐकायचे असते. नवी मुंबईत उलव्याच्या नव्या विमानतळावर उतरणारा प्रत्येक वैमानिक हेच करतो, मग त्याची मातृभाषा कोणतीही असो.

तो नियम आम्ही बैठकीत आणला. काम देणाऱ्याने ‘समजले ना?’ असे विचारायचे नाही, कारण त्याला उत्तर म्हणून ‘हो’च येते. त्याऐवजी काम घेणाऱ्याने काय, कधी आणि कशावर अवलंबून, हे आपल्या शब्दांत सांगायचे. तिकडच्या सहकारीनेही आपल्या बाजूने एक बदल केला : ती आता ‘होईल ना?’ ऐवजी ‘यात काय आडवे येऊ शकते?’ असे विचारते. पहिल्याच आठवड्यात आमच्यातली सर्वांत नवी मुलगी, जी एरवी ‘हो सर, बघते’ यापलीकडे बोलत नसे, काम परत सांगताना मध्येच थांबली. चाचणीचा सर्व्हर सोमवारपर्यंत बंद आहे, त्यामुळे शुक्रवारची तारीख जमणार नाही, असे तिने सांगितले. ही गोष्ट तिला दोन दिवसांपासून ठाऊक होती. तोवर तिला कोणी विचारले नव्हते. तारीख तिथल्या तिथे बुधवारवर गेली.