पासाऊ ते ब्रातिस्लाव्हा: डॅन्यूबकाठच्या सायकल सहलीविषयी माहिती

सहलीची नोंदणी करण्यापूर्वी आमचे बहुतेक ग्राहक दोन प्रश्न विचारतात: रस्ता खरोखर सपाट आहे का, आणि एका देशातून दुसऱ्या देशात सायकलने जाताना कोणी अडवते का. दोन्हींची उत्तरे या पत्रकात दिली आहेत. मात्र हा मार्ग कसा उभा राहिला हेही आपण जाणून घ्यावे, अशी आमची मनापासूनची इच्छा आहे, कारण आमचे मुक्काम, जेवणाची व्यवस्था आणि रोजचे अंतर हे सर्व त्यावरूनच ठरले आहे.

वाफेची जहाजे येण्यापूर्वी डॅन्यूबच्या प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या मालवाहू नावा घोड्यांकडून दोरखंडाने ओढून नेल्या जात आणि त्या घोड्यांसाठी अगदी पाण्यालगत वाट राखलेली असे. १९८०च्या दशकात ऑस्ट्रियात याच वाटा सायकलस्वारांसाठी खुल्या होऊ लागल्या. वाट नदीला धरून जात असल्यामुळे जर्मनीतील पासाऊ ते ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना या सुमारे ३२० किलोमीटरच्या अंतरात चढ जवळजवळ जाणवत नाही. शिवाय या खोऱ्यात वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो, म्हणून आमच्या सर्व सहली पश्चिमेकडून पूर्वेकडे, प्रवाहाच्या दिशेनेच जातात. पुढे हा पट्टा युरोव्हेलो ६ या अटलांटिक महासागरापासून काळ्या समुद्रापर्यंत दहा देशांतून जाणाऱ्या मार्गाचा भाग झाला. निळ्या फलकावर ताऱ्यांच्या वर्तुळात ६ हा आकडा दिसला की आपण योग्य वाटेवर आहात असे समजावे.

अशा मार्गाची कसोटी लागते ती वाट जिथे तुटते तिथे. ऑस्ट्रियातील श्लोगेन येथे डॅन्यूब डोंगराला आपटून जवळजवळ पूर्ण मागे वळते आणि उत्तर काठावर जंगलाचा तीव्र उतार थेट पाण्यात उतरतो. डोंगर फोडून रस्ता काढण्याऐवजी तेथे छोट्या होडीचा पर्याय स्वीकारला गेला. ही होडी नदी ओलांडण्यापुरती नसून काठाकाठाने पुढे जाते आणि सायकलस्वारांना वाट पुन्हा सुरू होते तेथे उतरवते. सायकली नावाडी स्वतः ओळीने लावून घेतो. आपण फक्त कॅरियरवरच्या पिशव्या आधी उतरवून हातात घ्याव्यात. दक्षिण काठावर सलग वाट आहे, तरीही आम्ही उत्तर काठच सुचवतो, कारण नदीचे ते वळण पाण्यातून पाहण्यासारखे आहे.

दुसरी तुटलेली जागा माणसांनी निर्माण केली होती. ऑस्ट्रिया आणि स्लोव्हाकिया यांच्यामधून डॅन्यूबला मिळणारी मोराव्हा नदी वाहते आणि १९८९ पर्यंत तिच्या पूर्व काठावर तेव्हाच्या साम्यवादी चेकोस्लोव्हाकियाचे काटेरी तारांचे कुंपण व सशस्त्र पहारा होता. हे पात्र पोहून पलीकडे जाण्याचा प्रयत्न करताना अनेकांनी प्राण गमावले. त्यांचे स्मारक ब्रातिस्लाव्हाजवळच्या देव्हिन किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. २०१२ साली याच नदीवर केवळ पादचारी आणि सायकलस्वार यांच्यासाठी ५२५ मीटर लांबीचा पूल उभा राहिला, ज्याला युरोपीय संघाच्या सीमापार सहकार्य निधीतून साहाय्य मिळाले आणि ज्याचे नाव ‘स्वातंत्र्य पूल’ असे ठेवण्यात आले. मुख्य मार्ग ऑस्ट्रियातील हाइनबुर्ग या गावावरून जातो. आम्ही मात्र वाकडी वाट करून आपल्याला या पुलावरून ब्रातिस्लाव्हात नेतो.

मुक्काम आणि जेवण

सायकलस्वार दिवसाला ५० ते ६० किलोमीटर जातो, सामान थोडेच नेतो आणि दर दोन-तीन तासांनी कुठेतरी थांबतो. त्यामुळे त्याचा खर्च वाटेवरच्या गावांत विभागला जातो, आणि नदीकाठच्या प्रदेशांना या मार्गाचा होणारा मोठा लाभ हाच आहे, असे आमचे मत आहे. म्हणून आमचे बहुतेक मुक्काम मोठ्या शहरांत नसून आशाख, ग्राइन, श्पिट्झ अशा लहान गावांत असतात, आणि दुपारचे जेवण सहलीच्या शुल्कात धरलेले नसते, जेणेकरून आपण आपल्या आवडीच्या ठिकाणी थांबू शकाल. वाखाऊ खोऱ्यात द्राक्षबागायतदारांची कुटुंबे आपल्या अंगणातच वर्षातून काही आठवडे खानावळ चालवतात. दारावर हिरवी डहाळी टांगलेली दिसली, तर ती उघडी आहे असे समजावे. जुलैमध्ये याच खोऱ्यात जर्दाळू पिकतात आणि वाटेवर विकायला असतात.

जर्मनीतील सायकलस्वारांच्या संघटनेने १९९५ साली निवासस्थानांसाठी काही निकष ठरवले: एका रात्रीच्या पाहुण्यालाही खोली द्यावी, सायकलींसाठी कुलूपबंद जागा असावी, ओले कपडे वाळवण्याची आणि किरकोळ दुरुस्तीची सोय असावी. ऑस्ट्रियातही मुक्काम निवडताना आम्ही हेच निकष लावतो.

पूर आणि कागदपत्रे

वाट पाण्यालगत असल्यामुळे पुराचा धोका गृहीत धरावा लागतो. २०१३ च्या जूनमध्ये पासाऊला नदीने १२.८९ मीटरची पातळी गाठली होती, आणि सप्टेंबर २०२४ मध्येही ऑस्ट्रियात मोठा पूर आला. एखादा टप्पा बंद झाल्यास आम्ही आपल्याला सायकलीसह रेल्वेने पुढच्या मुक्कामी पोहोचवतो. फलक लावून बंद केलेल्या वाटेवर, पाणी ओसरलेले दिसत असले तरी, कृपया जाऊ नये, कारण खाली साचलेला गाळ अतिशय निसरडा असतो.

जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्लोव्हाकिया हे तिन्ही देश शेंगेन क्षेत्रात (आपसातील सीमांवर एरवी पासपोर्ट तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात) असून तिन्हींचे चलन युरो आहे. एकच व्हिसा पुरतो. सर्वाधिक रात्री ऑस्ट्रियात असल्यामुळे अर्ज त्या देशाकडे करावा. मोराव्हावरील पुलावर तपासणी नाका नाही, परंतु जर्मनीने ऑस्ट्रियाच्या सीमेवर २०१५ पासून पुन्हा तपासणी सुरू केलेली असल्यामुळे मूळ पासपोर्ट सामानाच्या गाडीत न ठेवता सदैव स्वतःजवळ, पाणी न शिरणाऱ्या पाकिटात ठेवावा.