स्टॅटिकचा झटका आणि तुमचा कॉम्प्युटर

सप्रेम नमस्कार.

कॉम्प्युटर उघडताना आम्ही मनगटाला वायरचा पट्टा का बांधतो, हा प्रश्न काउंटरवर हमखास येतो. उभ्याउभ्या दिलेले उत्तर अर्धवट राहते, म्हणून हे माहितीपत्रक.

दोन वेगळ्या वस्तू एकमेकींना टेकून सुटल्या की एकीवरचे थोडे इलेक्ट्रॉन दुसरीवर जातात आणि दोन्हींवर विद्युत प्रभार साठतो; यालाच स्टॅटिक म्हणतात. घासल्याने स्पर्श अधिक जागी होतो, म्हणून परिणाम वाढतो; पण घासायलाच हवे असे नाही. चिकटपट्टीचा तुकडा रिळावरून झटकन ओढा आणि बोट जवळ न्या, पट्टी बोटाकडे झेपावते. जमिनीशी जोडलेल्या धातूवरून असा प्रभार लगेच वाहून जातो. प्लास्टिक, नायलॉन, पॉलिस्टर आणि कोरडे केस मात्र तो धरून ठेवतात. दमट हवेत वस्तूंवर पाण्याचा अतिशय पातळ थर असतो, त्यावरून प्रभार निसटतो. म्हणून हा त्रास कोरड्या हवेतला.

नायलॉनच्या गालिच्यावरून चालत येऊन दाराच्या कडीला हात लावला की ‘चट्’ होते. हा झटका जाणवायलाच साधारण 3000 व्होल्ट लागतात. आकडा ऐकून घाबरू नका. अंगावर साठलेला प्रभार इतका थोडा असतो की सेकंदाच्या दहा लाखाव्या भागातच तो संपतो. बोटाऐवजी हातातली किल्ली आधी कडीला टेकवा. ठिणगी किल्लीवरच पडते आणि तुम्हाला फारसे काही कळत नाही. एक अपवाद मात्र गंभीर आहे: पेट्रोलची वाफ पेटायला अशी एक ठिणगी पुरते. इंधन भरत असताना मध्येच गाडीत जाऊन बसू नका, आणि नळीला हात लावण्यापूर्वी गाडीच्या धातूला स्पर्श करा.

आता आमच्या कामाचे. चिपमधला इन्सुलेशनचा थर काही नॅनोमीटर जाडीचा असतो. काही चिप 100 व्होल्टच्या आतच खराब होतात. म्हणजे तुम्हाला काही जाणवलेच नाही तरी रॅम (मेमरीची पट्टी) गेलेली असू शकते. त्याहून वाईट म्हणजे ती अर्धवट दुखावते: आज चालते, महिन्याभराने मशीन अधूनमधून अडकू लागते, आणि कारण शोधताना सगळ्यांचीच दमछाक होते.

म्हणून तो पट्टा. त्याची वायर अर्थिंगला जाते आणि तिच्यात सहसा 10 लाख ओहमचा रेझिस्टर, म्हणजे करंटला अडवणारा भाग, असतो. स्टॅटिक निघून जायला तेवढी वाट पुरते. चुकून चालू तारेला हात लागलाच तर करंट मात्र नाममात्र वाहतो. घरी साधी तार मनगटाला गुंडाळून अर्थिंगला जोडण्याचा प्रयोग कृपा करून करू नका. तो जिवावर बेतू शकतो.

रॅम घरीच बदलायची असेल तर प्लग काढा, कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा, मग रॅम कडांनी धरा. काम सुरू असताना मधूनमधून पुन्हा धातूला स्पर्श करत राहा. सुटा भाग आमच्याकडे आणताना त्याच्या मूळ चंदेरी पिशवीतच आणा. पिशवी संरक्षण देते ती आतल्या वस्तूला. भाग पिशवीवर नुसता ठेवून उपयोग नाही. थर्माकोल आणि साधी कॅरीबॅग तर नकोच. कॅबिनेटच्या आतली धूळ घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने काढू नका, त्याच्या प्लास्टिकच्या नळीवर चांगलाच प्रभार साठतो.

शेवटी एक तक्रार, जी स्टॅटिक समजून आमच्याकडे येते आणि स्टॅटिक नसते. एकदाच ‘चट्’ होऊन थांबले तर ते स्टॅटिक. पण कॅबिनेटला हात लावला की बोटांना सतत झिणझिण्या येत असतील, प्लग काढताच त्या थांबत असतील, तर बहुतेक वेळा अर्थिंग नसते किंवा तुटलेले असते. अशा वेळी यंत्र लगेच बंद करा आणि आधी इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट तपासून घ्या. कॉम्प्युटर आमच्याकडे आणायचा की नाही, ते त्यानंतर ठरवू.