डेब्रिजच्या गाडीत ‘काहीही चालतं’?

मुंबईत घराचं काम निघालं की सोसायटीत कुणीतरी हमखास सांगतं, “गाडी भाड्याने घेतलीये ना, मग टाका त्यात काय वाटेल ते!” हा समज साफ चुकीचा आहे. भाडं वाहतुकीचं असतं, पुढे तो माल घेणारं कुणीतरी लागतंच.

गाडी असते ती डेब्रिजसाठी, म्हणजे तोडफोडीतून निघालेल्या राबिटासाठी. फुटलेल्या लाद्या, विटा, प्लास्टर, काँक्रीट, कडाप्पा. दहिसर आणि शिळफाट्याजवळच्या डायघरच्या प्रकल्पांत हे भरडून त्याची वाळू-खडी करतात. म्हणूनच त्यात गादी, थर्माकोल, ओला कचरा नको.

आमच्या मजल्यावर परवा गोणी उचलताना आतून ‘कच्च’ असा आवाज आला. लादीच्या तुकड्यांत कुणीतरी जुनी ट्यूबलाइट खुपसली होती. त्या नळीत पारा असतो, आणि ती गोणी उचलणाऱ्याच्या हातात मोजेही नव्हते. ट्यूबलाइट, बॅटऱ्या, रंगाचे डबे, मुदत संपलेली औषधं हा घरगुती घातक कचरा. तो वेगळाच द्यायचा. जुना टीव्ही ई-कचऱ्यात. आणि पोटमाळ्यावरचे सिमेंटचे जुने पत्रे? त्यांत ॲस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून आत गेल्यास घातक ठरणारे बारीक तंतू, असू शकतात; ते पत्रे फोडू तर अजिबात नका.

लाकडी चौकटी, ग्रिल, नळ यांची काळजी नको, भंगारवाला पैसे देऊन नेतो.

गाडी ठरवताना महापालिकेच्या ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवेचा दर आधी विचारा. स्वस्तातला टेम्पोवाला “टाकतो कुठेतरी” म्हणाला, तर ते ‘कुठेतरी’ बहुधा खाडीकाठचं खारफुटीचं रान असतं.