रात्रीच्या आकाशाचा पॅनोरमा

रात्रीच्या आकाशाची, कडेचा भाग एकमेकांत येईल अशी, अनेक छायाचित्रे घेऊन ती संगणकावर जोडून तयार केलेले विस्तीर्ण चित्र. एका चौकटीत न मावणारा आकाशगंगेचा पट्टा त्यात क्षितिजापासून क्षितिजापर्यंत दाखवता येतो. दिवसा टिपलेल्या डोंगररांगेच्या पॅनोरमापेक्षा हे काम अवघड होते ते मुख्यतः एका कारणाने: चित्रातली जमीन जागच्या जागी असते आणि आकाश सरकत असते.

आकाश ४ मिनिटांत १ अंश सरकते. त्यामुळे एका छायाचित्राला किती वेळ द्यायचा यालाच मर्यादा पडते. फुल फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यासाठी जुना ठोकताळा असा, की ५०० ला लेन्सच्या मिमीतल्या फोकल लेंग्थने भागावे. येईल तेवढे सेकंद तारे ठिपक्यासारखे राहतात. २४ मिमी लेन्सला हे उत्तर २० सेकंदांच्या आसपास येते. जास्त मेगापिक्सेलच्या आजच्या सेन्सरवर हा ठोकताळा सैल पडतो. चित्र पूर्ण मोठे करून पाहिले की कडेचे तारे लांबट झालेले दिसतात, म्हणून बरेच जण १० ते १५ सेकंदांवरच थांबतात.

हीच २४ मिमी लेन्स उभी धरली तर आडवे सुमारे ५३ अंश मावतात. दर वेळी कॅमेरा ३० अंश फिरवला तर शेजारच्या दोन चित्रांत पुरेसा सामाईक भाग राहतो आणि अर्धे क्षितिज ७ चित्रांत संपते. वर आणखी एक ओळ घेतली की १४ चित्रे झाली. कॅमेरा फिरवण्याचा वेळ धरून याला ६ मिनिटे सहज लागतात आणि तेवढ्यात आकाश दीड अंश पुढे गेलेले असते, म्हणजे ओळीने ठेवलेल्या तीन पूर्णचंद्रांइतके. पहिल्या चित्रात बुरुजाच्या टोकाला टेकलेला तारा शेवटच्या चित्रापर्यंत तिथे राहत नाही. सॉफ्टवेअरला बुरुजही जुळवायला सांगितला आणि तारेही, तर ते दोन्ही थोडे थोडे बिघडवते. म्हणून आकाशाची ओळ न थांबता एका दमात घ्यायची, जमिनीची ओळ कमी आयएसओवर (सेन्सरच्या संवेदनशीलतेच्या आकड्यावर) आणि लांब एक्स्पोजरने वेगळी घ्यायची, असा प्रघात पडला आहे. समोर झाड किंवा तटबंदी असेल तर कॅमेरा लेन्सच्या प्रवेशछिद्राच्या (समोरून पाहता दिसणाऱ्या तिच्या छिद्राच्या) अक्षावरच फिरायला हवा, नाहीतर जवळच्या वस्तू मागच्या दृश्याच्या तुलनेत सरकतात आणि जुळत नाहीत. त्यासाठी ट्रायपॉडवर पॅनोरमा हेड बसवतात. नुसत्या आकाशासाठी त्याची गरज नाही, कारण ताऱ्यांच्या अंतरापुढे कॅमेऱ्याची काही सेंटिमीटरची हालचाल नगण्य असते.

महाराष्ट्रातला हंगाम

आकाशगंगेचे केंद्र धनु राशीत, वृश्चिकाच्या नांगीजवळ म्हणजे मूळ नक्षत्राच्या बाजूला आहे. महाराष्ट्राच्या अक्षांशावरून ते उगवते त्या सुमारास आकाशगंगेचा पट्टा जवळजवळ पूर्ण क्षितिजाला टेकलेला असतो. नंतर तो पूर्वेकडून एखाद्या झाकणासारखा उचलला जातो. मेच्या मध्यात रात्री १२ च्या सुमारास त्याची कमान पूर्वेला सुमारे ३० अंश उंच असते. पहाटे ३ पर्यंत ती ७० अंशांवर जाते. पॅनोरमासाठी सोयीची वेळ म्हणजे यातली पहिली. कमान तेव्हा आडव्या एक-दोन ओळींत मावते आणि क्षितिजाजवळच्या धुरळ्यातूनही बऱ्यापैकी वर आलेली असते. हीच स्थिती एप्रिलच्या मध्यात रात्री २ ला आणि मार्चच्या मध्यात पहाटे ४ ला येते. त्यामुळे सह्याद्रीत कॅमेरे घेऊन चढणाऱ्यांचे लक्ष चैत्र-वैशाखातल्या अमावास्यांवर असते. पुढे पावसाळा लागतो. दसऱ्यानंतर आकाश मोकळे होते तेव्हा संध्याकाळी पट्टा डोक्यावरून नैर्ऋत्य-ईशान्य असा जातो. त्याची आडवी कमान होत नाही, उभा पॅनोरमा घ्यावा लागतो. अंधारासाठी राज्यात आता अधिकृत ठिकाणही आहे: पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, भारतात पहिलाच.

जोडणी आणि संस्करण

आज वापरातली बरीच जोडणी-सॉफ्टवेअरे हेल्मुट डेर्श यांच्या १९९८ मधल्या ‘पॅनोरमा टूल्स’ची वारस आहेत, ‘पीटीगुई’ आणि मोफत मिळणारे ‘ह्युगिन’ त्याच वंशातले. दोन चित्रांतले समान बिंदू आपोआप शोधण्याची वाट डेव्हिड लो यांच्या १९९९ च्या ‘सिफ्ट’ या पद्धतीने मोकळी केली. रात्रीच्या चित्रांत मात्र ही स्वयंचलित पद्धत अडखळते. जमीन काळीठिक्कर, तिथे बिंदूच मिळत नाहीत. आकाशात हजारो सारखे ठिपके, आणि त्यातले काही तारे नसून सेन्सरचा नॉइज, म्हणजे त्याने स्वतःच उमटवलेले खोटे ठिपके. अशा वेळी माणसाने हाताने बिंदू द्यावेत हे बरे. दोन्ही चित्रांत ज्येष्ठा, अभिजित, श्रवण असे ओळखू येणारे तारे हेरून त्यांवर खुणा करायच्या, जमिनीवर पडलेल्या खुणा आकाशाच्या जोडणीतून काढून टाकायच्या. आकाश आणि जमीन असे दोन पॅनोरमा वेगळे जोडून शेवटी क्षितिजाच्या रेषेवर मास्क लावून (एकाचा नको तो भाग झाकून) एकत्र करणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग. वेळखाऊ आहे, पण सांधा दिसत नाही.

जोडण्याआधी सगळ्या रॉ फाइलींना (कॅमेऱ्यातल्या प्रक्रिया न केलेल्या चित्रांना) एकच व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटेचा एकच समतोल देणे आणि लेन्समुळे कोपऱ्यांत येणारा काळसरपणा काढणे आवश्यक असते. हा काळसरपणा राहिला तर प्रत्येक सांध्याशी एक गडद उभा पट्टा उमटतो आणि नंतर तो कशानेही नीट जात नाही. एका जागेची अनेक चित्रे घेऊन त्यांची सरासरी काढली, म्हणजे स्टॅकिंग केले, तर नॉइज चित्रांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो: १६ चित्रांनी तो चौथ्या हिश्श्यावर येतो. फटकून असलेली मूल्ये सरासरीतून वगळली की विमाने आणि उपग्रहांच्या रेघाही पुसल्या जातात.

सर्वांत नाजूक काम रंगाचे. शहराच्या उजेडाचा क्षितिजाकडून वर विरत जाणारा पट्टा काढावा लागतो. सोडियमच्या दिव्यांचा पिवळा उजेड मोजक्या तरंगलांबींचा असल्याने तुलनेने सहज आवरायचा. पांढरे एलईडी सगळ्या वर्णपटावर पसरतात आणि ताऱ्यांच्या रंगातच मिसळतात. क्षितिजावर दिसणारे हिरवट पट्टे मात्र पुष्कळदा दोष समजून पुसले जातात, ते चूक आहे. जमिनीपासून सुमारे ९५ किमी उंचीवर ऑक्सिजनचे अणू ५५७.७ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश सोडतात, ती वातावरणाची स्वतःची दीप्ती आहे आणि ती आकाशातच होती.

या चित्रांतली प्रसिद्ध कमान प्रत्यक्षात कमान नसते. आकाशगंगा हे खगोलावरचे, म्हणजे आकाशाच्या कल्पित गोलावरचे, एक मोठे वर्तुळ. डोळ्यांना ती सरळ पट्ट्यासारखीच भासते. गोल पृष्ठभाग सपाट कागदावर उलगडताना कोणते प्रक्षेपण निवडले यावर तिचा आकार ठरतो. दंडगोल किंवा समआयती (इक्विरेक्टँग्युलर) प्रक्षेपणात ती कमानीसारखी वाकते. पूर्ण आकाशाच्या नकाशात आकाशगंगेचेच विषुववृत्त (पट्ट्याची मधली रेषा) मधोमध धरले तर ती आडवी सरळ रेषा होते.

मोठे प्रकल्प

छायाचित्रांच्या आधी हे काम हाताने झाले. स्वीडनमधल्या लुंड वेधशाळेत १९५० च्या दशकात क्नुट लुंडमार्क यांच्या देखरेखीखाली रंगवलेल्या, २ मीटर लांब आणि १ मीटर उंच चित्रात ७,००० तारे त्यांच्या मोजलेल्या जागी आहेत. २००९ हे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र वर्ष. त्या वर्षी सर्ज ब्रुनिए यांनी चिलीतील वाळवंट आणि स्पेनच्या ला पाल्मा बेटावरून घेतलेल्या सुमारे १,२०० चित्रांचा, फ्रेदेरिक तापिसिए यांनी जोडलेला ८० कोटी पिक्सेलचा पॅनोरमा युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीने प्रसिद्ध केला. अॅक्सेल मेलिंगर यांचा ३,००० हून अधिक चित्रांचा, ६४.८ कोटी पिक्सेलचा पॅनोरमाही त्याच वर्षीचा. या दोन्हींत जमीन नाही, त्यामुळे जमीन-आकाशाच्या भांडणाचा प्रश्नच आला नाही.

खरेपणाचा प्रश्न

संध्याकाळच्या निळसर उजेडात घेतलेली जमीन आणि त्याच जागेवरून रात्री घेतलेले आकाश एकत्र करणे बहुतेक छायाचित्रकार मान्य करतात, फक्त तसे लिहावे एवढी अपेक्षा असते. दुसऱ्या ठिकाणचे आकाश किल्ल्यावर चिकटवणे ही वेगळी गोष्ट. ती ओळखायला भूगोल पुरतो. महाराष्ट्रातून आकाशगंगेचे केंद्र कधीही सुमारे ४५ अंशांपेक्षा वर जात नाही आणि ते उत्तरेला दिसणे शक्य नाही. ते मावळते पश्चिमेच्या सुमारे ३० अंश दक्षिणेला, पण तोवर पट्टा उंच चढलेला असतो. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे. तिथून समोर खरोखर दिसू शकणारी ठेंगणी कमान मृग आणि मिथुनाजवळून जाणाऱ्या फिकट आकाशगंगेची असते, आणि केंद्राचा तेजस्वी फुगवटा तिच्यात नसतो.