राता भातापासून एडिट केलेल्या भातापर्यंत: जीएम पिकांचे नियम आले कुठून

मामाचा फोन आला तो 2025 च्या मे महिन्यात, पेरणीच्या आधी. मामा पेणकडच्या खारेपाटातला, जमीन खाडीच्या बांधाच्या आत म्हणून भात होतं, आणि उधाणाला बांध फुटला की पुढची दोनतीन वर्षं शेतात मीठच. टीव्हीवर त्याने ऐकलं होतं की खाऱ्या जमिनीतसुद्धा चांगलं येणारं नवीन भात सरकारने जाहीर केलंय, आणि पाठोपाठ गावच्या ग्रुपवर फॉरवर्ड, की हे जीएम म्हणजे जनुकीय बदल केलेलं आहे, घरात आणू नका वगैरे. मामाने सरळ विचारलं, "अरे, हे बीटीच ना? मग कापसाला नि वांग्याला एवढी भांडणं झाली, ह्याला लगेच कशी परवानगी?"

फोनवर दोन वाक्यात सांगता येईना, कारण गोष्ट पन्नास वर्षं मागे जाते. म्हणून बसून लिहिलं.

सुरुवात शेतात नाही, लॅबमध्ये आहे. 1973 ला अमेरिकेत एका जिवाचा डीएनए तोडून दुसऱ्यात जोडायचं तंत्र जमलं आणि ते जमवणाऱ्यांनाच धास्ती वाटली, की असा बदललेला जंतू बाहेर निसटला तर? फेब्रुवारी 1975 मध्ये कॅलिफोर्नियात असिलोमारला शास्त्रज्ञ जमले आणि त्यांनी आपले आपणच नियम घालून घेतले. तेव्हा भीती होती ती काचेच्या भांड्यातल्या बॅक्टेरियाची. भात, कापूस, वांगं कुणाच्या डोक्यात नव्हतं, आणि हे लक्षात ठेवा कारण पुढचे बरेचसे घोळ इथूनच निघतात.

आपल्याकडे त्यात भोपाळ मिसळलं. डिसेंबर 1984 ची वायुगळती झाली, त्यानंतर 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, आणि त्या कायद्याखाली 5 डिसेंबर 1989 ला जीएमचे नियम निघाले. नियमांच्या नावातच "घातक सूक्ष्मजीव" आहेत, जनुकीय बदल केलेले जीव त्यांच्या मागून येतात. म्हणजे बियाणं हे पहिल्या दिवसापासून केमिकलच्या फाइलीशेजारी ठेवलं गेलं. त्याच नियमांत जिल्हा पातळीवर कलेक्टरच्या हाताखाली एक समिती सांगितलेली आहे, तिच्यात फॅक्टरी इन्स्पेक्टर आहे, प्रदूषण मंडळाचा माणूस आहे, आरोग्य अधिकारी आहे, कृषी अधिकारीही आहे, पण ज्याच्या बांधाला ते पीक लागणार तो शेतकरी काही नाही. आमच्याकडे अलिबागला असली समिती कधी बसल्याचं ऐकलेलं कुणी मला तरी भेटलं नाही.

तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. भारताचे नियम 1989 चे, आणि जगात जीएम पिकं मोठ्या प्रमाणावर शेतात आली 1996 पासून. म्हणजे नियम आधी झाले होते! फिलिपिन्सनेही 1990 मध्ये आपली समिती नेमली, अर्जेंटिनाने 1991 मध्ये. त्यामुळे "गरीब देशांकडे कायदेच नव्हते" असं जे सरसकट म्हणतात ते निदान ह्या तिघांना लागू नाही. अडचण वेगळीच होती, कायदा फाइलीत बसून राहायचा आणि बियाणं टेम्पोतून पुढे जायचं.

बघा ना. बीटी कापूस, म्हणजे एका जिवाणूचा अळी मारणारा जीन घातलेला कापूस, आपल्याकडे रीतसर चाचण्यांत होता, जीईएसी म्हणजे केंद्राची जनुकीय अभियांत्रिकी मंजुरी समिती कागद तपासत होती, आणि ऑक्टोबर 2001 मध्ये कळलं की गुजरातेत हजारो एकरांवर बीटी कापूस उभाच आहे. नवभारत 151 नावाचं बियाणं, बोंडअळीला तोंड देतं म्हणून शेतकऱ्यांनी घेतलेलं, आणि त्यात बीटीचा जीन आहे ही गोष्ट सरकारला नंतर समजली. पीक उपटून जाळायचे आदेश निघाले, पण कपाशी तोवर बाजारात. पुढे पाच महिन्यांत, 26 मार्च 2002 ला, पहिल्या बीटी कापसाला अधिकृत परवानगी मिळाली. ब्राझीलमध्ये हेच सोयाबीनचं झालं, अर्जेंटिनातून चोरून बियाणं आलं, दक्षिणेकडे पेरलं गेलं, मग सरकारने आधी तात्पुरत्या सवलती दिल्या आणि शेवटी 2005 ला कायदा केला. आणि आपण त्यातून शिकलो असं समजायचं कारण नाही, जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी परवानगी नसलेला तणनाशकाला दाद न देणारा कापूस जाहीर कार्यक्रम करून पेरला.

दुसरा धागा व्यापाराचा. 1992 च्या रिओ परिषदेत जैवविविधतेचा करार झाला, त्यातून जीएम जिवांच्या देशोदेशीच्या वाहतुकीसाठी वेगळा करार करायचं ठरलं. फेब्रुवारी 1999 ला कोलंबियातल्या कार्टाहेना शहरात तो व्हायचा होता, तिथे बोलणी फिसकटली, मग जानेवारी 2000 मध्ये कॅनडात माँट्रियलला जमलं, पण नाव मात्र कार्टाहेना प्रोटोकॉल असंच राहिलं. (लग्न मोडलं एका गावात, लागलं दुसऱ्या, पत्रिका मात्र पहिलीच.) ह्या भांडणात सगळे विकसनशील देश एका बाजूला होते असं समजू नका. धान्य विकणाऱ्या देशांच्या गटात अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियाच्या जोडीला अर्जेंटिना, चिली आणि उरुग्वेही होते. समोर आफ्रिकेतले आणि आशियातले बरेच देश, आणि त्यांच्या वतीने जोरात बोलत होते इथिओपियाचे टेवोल्डे एग्झिअबेर. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की धोक्याचा पक्का पुरावा नसला तरी शंका असेल तर नाही म्हणायचा हक्क आमच्याकडे हवा. तो हक्क करारात आला. भारताने जानेवारी 2003 मध्ये मान्यता दिली आणि सप्टेंबर 2003 पासून करार लागू झाला. अमेरिका त्यात आजही नाही.

करारात एक शब्द आहे, "जिवंत". जीएम जीव जिवंत असेल, म्हणजे रुजू शकत असेल, तरच त्याला मुख्य तरतुदी लागतात. ही नुसती कागदी बारकाई नव्हे हे 2002 मध्ये दिसलं, आफ्रिकेच्या दक्षिण भागात दुष्काळ पडला होता आणि मदत म्हणून अमेरिकेतला मका आला, त्यात जीएम मका होता. झांबियाने तो नाकारलाच. झिम्बाब्वे, मोझांबिक, मलावी ह्यांचा रोख असा की दळून द्या, पीठ चालेल, अख्खा दाणा नको, कारण शेतकरी थोडे दाणे बाजूला ठेवणार आणि पाऊस पडला की पेरणार. भुकेल्या माणसासमोर असला वाद घालणं क्रूर वाटतं, मलाही वाटतं, पण ज्याच्या घरात बियाण्याची कणगी आहे त्याला ही भीती लगेच कळते.

आणि हेच लॉजिक आपल्या कोकणाच्या दारात आलं 2021 मध्ये. कोंबडीखाद्य महागलं होतं, पोल्ट्रीवाले ओरडत होते, तेव्हा ऑगस्टमध्ये केंद्राने 12 लाख टन जीएम सोयाबीनची पेंड आयात करायला परवानगी दिली, आणि समुद्रमार्गे ती आधी उतरवायची होती न्हावा शेवाला. युक्तिवाद हाच, पेंड रुजत नाही, त्यात जिवंत काही नाही. ज्या देशात जीएम सोयाबीन पेरायला बंदी त्याच देशातल्या कोंबड्या जीएम सोयाबीनवर वाढल्या. मला ह्यात फसवणूक दिसत नाही, पण निदान उघडपणे सांगायला हवं होतं.

वांग्याची गोष्ट सगळ्यांना थोडीफार माहीत आहे. जीईएसीने ऑक्टोबर 2009 मध्ये बीटी वांग्याला हिरवा कंदील दिला, मग पर्यावरणमंत्री जयराम रमेश ह्यांनी सात शहरांत लोकांसमोर सुनावण्या घेतल्या, आपल्या राज्यातली नागपूरला झाली, आणि 9 फेब्रुवारी 2010 ला स्थगिती जाहीर केली जी अजून उठलेली नाही. त्याच वर्षी समितीच्या नावातलं "मंजुरी" जाऊन "मूल्यांकन" आलं. बांगलादेशाने बीटी वांगं ऑक्टोबर 2013 मध्ये मंजूर केलं आणि पुढच्याच वर्षी 20 शेतकऱ्यांना रोपं दिली. बाकी सुरक्षेच्या परीक्षेत पास झालं की सगळं सुटलं असंही नसतं. बुर्किना फासोत बीटी कापूस 2008 पासून मोठ्या प्रमाणावर लावला आणि काही वर्षांनी बंद केला तो अळीमुळे नाही की आरोग्यामुळे नाही, धागा आखूड निघायला लागला आणि भाव पडला म्हणून.

आता मामाच्या भाताकडे. खारेपाटात पूर्वी राता लावायचे, लाल तांदूळ, खारं पाणी सोसणारा. काळा राता आणि भुरा राता ह्यांतूनच निवडून खारजमिनीसाठी सुधारित बियाणं काढलं गेलं, नंतर पनवेलच्या केंद्रातून पनवेल 1, 2, 3 आले. हे सगळं निवड आणि संकर, कुठली सुरक्षा समिती लागली नाही. 2025 च्या 4 मे ला जाहीर झालेल्या दोन वाणांपैकी पुसा डीएसटी राइस 1 हे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने एमटीयू 1010 ह्या जुन्याच वाणात काढलंय. बाहेरचा जीन घातलेला नाही, भाताचाच डीएसटी नावाचा जीन कापून बिघडवलाय (ह्यालाच एडिट करणं म्हणतात), त्यामुळे दुष्काळ आणि खार जास्त सोसतं म्हणतात. किनाऱ्याच्या खाऱ्या जमिनीत उत्पन्न 30 टक्क्यांपर्यंत वाढतं असा दावा आहे, आणि त्या आकड्यांवर आक्षेपही घेतले गेलेत.

ह्याला परवानगी लवकर का, तर नियमच बदलला. अर्जेंटिनाने 2015 मध्ये ठरवलं की अंतिम रोपात परका डीएनए नसेल तर ते जीएम धरायचं नाही, मग एकेक देश त्या वाटेने गेले, आणि भारताने मार्च 2022 मध्ये असल्या एडिट केलेल्या रोपांना 1989 च्या मुख्य नियमांतून वगळलं. परका डीएनए राहिलेला नाही एवढं वाण काढणाऱ्या संस्थेचीच समिती आणि जैवतंत्रज्ञान विभागाखालची समिती बघते, जीईएसीकडे फाइल जातच नाही, पुढे साध्या वाणासारखाच प्रवास. जीएम मोहरीचं बघा, तिच्यात परके जीन आहेत म्हणून ती ऑक्टोबर 2022 ची मंजुरी घेऊनसुद्धा सुप्रीम कोर्टात अडकली, जुलै 2024 ला दोन न्यायमूर्तींची दोन मतं पडली.

म्हणजे मामा, बीटी नाही, आणि ग्रुपवरचं "विषारी आहे" हेही कुणी सिद्ध केलेलं नाही. पण मला स्वतःला एक प्रश्न पडतो तो देवभाताचा. ऋषिपंचमीला आपण जे बैलाच्या कष्टाचं नसलेलं खातो त्यातलं ते, तळ्याच्या नि डबक्याच्या कडेला आपसूक उगवणारं रानभात, लावलेल्या भाताशी त्याचा संकर होतो आणि शेतात घुसलं तर तण म्हणून त्रास देतं. खार सोसायचा गुण उद्या त्याच्यात गेला तर बांधाच्या आत काय होईल हे पेण-अलिबागच्या शेतात चारपाच हंगाम बघितल्याशिवाय कळायचं नाही, आणि ते बघायचं काम नव्या नियमात कुणाच्या नावावर लिहिलेलं मला सापडलं नाही.