आंब्यावरची सीतेची वेणी आणि बांडगुळाचा आळ

आंबा उतरून झाल्यावर, मेअखेरीस, देवगडजवळच्या एका हापूसच्या बागेत बांडगूळ काढण्याचे काम चालू होते. गड्याने कोयतीच्या एका घावात सालीला चिकटलेला एक झुबका खाली टाकला. जाड, पन्हळीसारख्या पानांमधून हातभर लांबीचा तुरा लोंबत होता आणि त्यावर जांभळ्या ठिपक्यांची शंभरेक पांढरी फुले दाटीने लागलेली होती. बागायतदार म्हणाले, "फूल देखणे आहे खरे, पण शेवटी बांडगूळच ते, कलमाचा रस पिते." तो झुबका सीतेच्या वेणीचा होता. आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या, कुळातील या वनस्पतीचे शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा. आसामात हीच फुले 'कपौ फूल' म्हणून ओळखली जातात आणि बिहूच्या नाचात मुली ती केसांत माळतात.

बागायतदारांची चीड अनाठायी नव्हती, तिचा रोख मात्र चुकला होता. कोकणात आंब्यावर सर्रास दिसणारे बांडगूळ हे डेंड्रॉफ्थी फाल्काटा नावाचे वेगळेच झुडूप आहे. फुलटोच्या पक्ष्याने टाकलेली त्याची चिकट बी फांदीवर रुजते, तिचे शोषक मूळ साल भेदून लाकडात घुसते आणि आंब्याने जमिनीतून वर चढवलेले पाणी व क्षार परस्पर ओढून घेते. जिथे ते घुसते तिथे फांदीला गाठ येते. सीतेच्या वेणीची मुळे सालीच्या आत कधीच शिरत नाहीत. ती सालीवर नुसती पसरतात, उरलेली हवेत लोंबतात, आणि काढून पाहिल्यास खालची साल शाबूत असते.

मग ती जगते कशावर? याचे उत्तर त्या लोंबत्या मुळांत आहे, आणि माझ्या मते फुलांपेक्षाही ती मुळेच अधिक पाहण्यासारखी आहेत. पेन्सिलीएवढे जाड, राखट पांढरे, टोकाला मात्र हिरवे असे एक मूळ हातात घेऊन मी बाटलीतले चार थेंब पाणी त्यावर सोडले. पाहता पाहता पांढरा रंग विरला आणि मूळ हिरवेगार झाले.

मुळाच्या बाहेरच्या या पांढऱ्या वेष्टनाला व्हेलामेन म्हणतात. त्यातील पेशी पूर्ण वाढ होताच मरतात. आतला जीवद्रव नाहीसा होतो आणि उरतात त्या केवळ भिंती, ज्यांना कोसळू न देणाऱ्या जाड कडा असतात. म्हणजे व्हेलामेन हा मेलेल्या पेशींचा स्पंज आहे. कोरडा असताना त्यात हवा असते. हवेचा अपवर्तनांक (पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो याचे माप) सुमारे 1, तर पेशीभित्तिकेचा सुमारे 1.5 असल्याने प्रकाश प्रत्येक भिंतीवर विखुरतो आणि मूळ पांढरे दिसते. हवेच्या जागी 1.33 अपवर्तनांकाचे पाणी शिरले की ही तफावत घटते, विखुरणे कमी होते आणि आतल्या पेशींमधील हरितद्रव्य दिसू लागते. भिजलेले पांढरे धोतर आरपार दिसते, त्यामागचे कारण हेच.

स्पंज भरायला क्षण पुरतात, वाळायला मात्र काही तास लागतात, आणि मुळाचा सारा कारभार या अवधीतच उरकतो. व्हेलामेनच्या आत बुचासारख्या द्रव्याने बंद केलेल्या पेशींचा एक थर असतो. त्यात मधूनमधून पातळ भिंतीच्या जिवंत पेशी असतात आणि पाणी फक्त त्यांच्यातूनच आत जाते. पावसाच्या पहिल्या सरीबरोबर फांद्यांवरची धूळ, पक्ष्यांची विष्ठा, पानांतून झिरपलेले क्षार धुऊन येतात, तर नंतरचे पाणी जवळपास निव्वळ पाणी असते. हे सकस पहिले पाणी व्हेलामेन पकडून ठेवते आणि विद्युतभारित क्षारकण पेशीभित्तिकांना धरून राहतात.

भिजलेल्या मुळावर काही बारीक पांढऱ्या रेघा मात्र तशाच राहतात. त्या भागात पाणी शिरत नाही. आतल्या पेशींना प्राणवायू मिळण्याची ती वाट आहे. हौसेने अशी आमरी कुंडीतल्या मातीत लावणाऱ्यांची झाडे कुजतात, कारण सतत ओल्या मातीत मुळे गुदमरतात. याउलट 'पाणी नको, नुसत्या हवेवर जगणारे झाड' ही विक्रेत्यांची जाहिरातही थापच आहे. हवेतल्या बाष्पावर तिचे भागत नाही, पाऊस किंवा दव असे द्रवरूप पाणी लागते. अमुक नक्षत्रावर काढलेले बांडगूळ तिजोरीत ठेवल्यास धन वाढते, या समजापायी झाडावरचे दिसेल ते ओरबाडणाऱ्यांविषयी मी काही लिहीत नाही. त्यात धन वाढते ते विकणाऱ्याचे.

परावलंबनाचा आरोप करायचाच असेल, तर तो या वनस्पतीच्या बालपणावर करता येईल. आमरीची बी धुळीसारखी असते आणि तिच्यात शिदोरी जवळजवळ नसतेच. निसर्गात ती रुजण्यासाठी बुरशी लागते, हे नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1899 मध्ये ओळखले. बुरशीचे तंतू बीमध्ये शिरतात आणि कोवळा गर्भ त्यांच्याकडून साखर मिळवतो. पुढे पाने हिरवी झाली की झाड स्वतःचे अन्न स्वतः तयार करू लागते. या सगळ्या व्यवहारात आंब्याकडून घेतला जातो तो केवळ सालीचा आधार.

खाली पडलेला झुबका आम्ही सुंभाने त्याच कलमाच्या बेचक्यात बांधला. बागायतदारांनी गड्याला हाक मारून दोन फांद्या पलीकडची गाठ दाखवली. तिथे खरे बांडगूळ होते.